सोफ्याला एसी, पोरांना भट्टी

मे महिन्यातल्या एका रविवारी भाचीच्या बॅडमिंटनच्या मॅचेस बघायला गेलो होतो. हॉल नवाकोरा. दर्शनी भागाला ग्रॅनाइट, पाहुण्यांसाठी सोफे असलेली एसी खोली, उद्घाटनाची भली मोठी पाटी. आणि कोर्टांवर? डोक्यावर तापलेला पत्रा, दारं-खिडक्या बंद!

बंद का, तर शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, वाऱ्यानं भरकटतं. कबूल. पण म्हणून पोरांना भट्टीत कोंडायचं? गरम हवा विरळ असते, त्यात शटल जास्तच पळतं. म्हणजे खेळही बिघडला तो बिघडलाच. आजोळच्या माळवदाला धूर जायला वर सवणं असायचं. इथेही तेच करायचं: गरम हवेला छपराच्या माथ्यातून वाट, जमिनीलगत, कोर्टांपासून दूर जाळीचे झरोके, पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर. हवा संथपणे वर सरकते, शटलला धक्का लागत नाही.

दिवे तर बरोब्बर कोर्टाच्या डोक्यावर. स्मॅश मारायला वर बघितलं की डोळ्यांपुढे काजवे! ते कोर्टांच्या बाजूला हवेत. मागची भिंत पांढरी, शटल पांढरं... गडद रंगाला काय जास्त पैसे पडतात? सिंथेटिक मॅट थेट सिमेंटवर अंथरलेली. खाली दाब झेलणारी लाकडी जमीन नाही. पंधरा वर्षांची पोर दिवसभर नेटकडे झेपा घेते, प्रत्येक वेळी आपटतो तो तिचा गुडघा.

आण्णामामा, हे वाचून तुमचा फोन येणार, माहीत आहे. "प्रकाश पदुकोण मंगल कार्यालयात खेळून मोठा झाला, तुमच्या पोरांचेच लाड!" अहो मामा, १९८० ची ऑल इंग्लंड त्यांनी जिंकली ती त्या कार्यालयामुळे नाही, तसल्या जागी शिकूनसुद्धा जिंकली. तिथेच दमून किती जणांनी रॅकेट खाली ठेवली, ते कोणी मोजलंय का? ज्या खेळाला एके काळी 'पूना' म्हणत, त्याचे आपल्याकडे हे हाल.

असो. भाची तिसऱ्या गेममध्ये हरली. घामानं चिंब झालेली पोर कपडे बदलायला गेली तर मुलींच्या खोलीला कुलूप. आत समारंभाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. शेवटी आमच्या गाडीत, काचांना टॉवेल लावून बदलले तिनं.