पोट दुखतंय म्हणजे पोटच दुखतंय

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी रोज शाळेच्या वेळेला पोट धरून बसते."

आठ वर्षांच्या मुलीची आई बोलत होती आणि मुलगी माझ्या टेबलाची कड नखाने कोरत होती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जंताचं औषध मीच दिलं होतं. रक्त-लघवीची तपासणी आणि सोनोग्राफीही मीच लिहून दिली होती. तिसऱ्या खेपेला आई सहज बोलून गेली की चार महिन्यांपूर्वी शाळेत सोडायला जाताना बाबांच्या स्कूटरला टेम्पोने धडक दिली, बाबांच्या मांडीत रॉड घातलाय. मुलगी स्कूटरवर पुढे उभी होती. "पण देवाच्या दयेने हिला खरचटलंसुद्धा नाही."

इतक्या दिवसांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. ती चूक माझी.

'खरचटलंसुद्धा नाही' हे आपण किती सहज म्हणतो! 1976 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात शाळेची बस पळवली गेली. 26 मुलं आणि त्यांचा ड्रायव्हर. त्यांना जमिनीत पुरलेल्या एका ट्रकच्या डब्यात कोंडलं होतं. बऱ्याच तासांनी ते सगळे स्वतःच वाट काढून बाहेर आले, आणि एकालाही मोठी इजा नव्हती. लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ नंतर त्या मुलांना भेटत राहिल्या. चार-पाच वर्षांनीही आघाताच्या खुणा नसलेलं एकही मूल त्यांना सापडलं नाही. त्यांनी एक गोष्ट नेमकी टिपली. अशी मुलं घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा खेळतात, पण त्या खेळात मजा नसते आणि खेळून झाल्यावर सुटकाही नसते.

आता तुम्ही म्हणाल, मन घाबरलं हे समजलं, पण पोट का दुखतं? नाटक आहे का?

नाही. धोका दिसला की मेंदू शरीराला तयारीत ठेवतो. हृदय जोरात धडधडतं, श्वास अडतो, पोटाचे स्नायू आवळतात, आतड्यांची चाल बदलते. मोठा माणूस निदान नंतर सांगू शकतो की 'मी घाबरलो होतो'. लहान मुलाकडे तेवढे शब्द नसतात आणि दोन-तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तर तो प्रसंग गोष्टीसारखा आठवतही नाही. शरीर मात्र तयारीतच राहतं. मग दार आपटलं की दचकणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, शाळेच्या वेळेला पोटात कळ येणं. ती कळ खरी असते. तिला 'काही नाही गं तुला' म्हटलं की मुलाला एवढंच कळतं की आपलं शरीर सांगतंय ते कुणी ऐकत नाही.

मनोविश्लेषण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोचावर पडून बोलणारा माणूस येतो. मुलांच्या बाबतीत हे चित्र विसरून जा. तिथे जमीन, खेळणी, पाणी, कागद आणि हलणारं शरीर असतं. फ्रॉइडने 1923 मध्येच लिहून ठेवलं होतं की 'मी' ही जाणीव मुळात शरीरातूनच उभी राहते. पण मला जवळचा वाटतो तो डोनाल्ड विनिकॉट, कारण तो आधी बालरोगतज्ज्ञ होता. लंडनच्या त्याच्या दवाखान्यात टेबलाच्या कडेवर जीभ दाबायची चकचकीत पट्टी ठेवलेली असे आणि आईच्या मांडीवरचं बाळ तिचं काय करतं ते तो नुसता बघत बसे. बाळ हात पुढे करतं, थबकतं, आईकडे बघतं, मग हळूच पट्टी उचलतं. घाई करायची नाही, अशी सगळ्यांना ताकीद. 1941 च्या लेखात त्याने सात महिन्यांच्या एका मुलीबद्दल लिहिलं आहे. घ्यावी की नको, अशी ती थबकली की तिला धाप लागायची आणि पट्टी हातात आली की श्वास मोकळा व्हायचा. (हे वाचून कृपया कुणी मुलाचा दम्याचा पंप बंद करू नका!)

आमच्या मुलीला मी अशा पद्धतीने काम करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. आठवड्यातून एकदा, तीच खोली, तीच वेळ, तिच्या एकटीचा खेळण्यांचा डबा. आईची तक्रार आली, "नुसत्या गाड्या आपटते, आणि बाई बघत बसतात. पैसे कशाचे घेतात?" बाई बघत काय होत्या, तर गाडी आपटायच्या आधी मुलगी श्वास रोखून पोट आत ओढते. काही आठवड्यांनी त्यांनी तिला शांतपणे एवढंच म्हटलं, "गाडी जवळ आली की तुझं पोट दगडासारखं होतं." मुलीने स्वतःच्या पोटावर हात ठेवून पाहिला. अपघाताचं नाव कुणीच काढलं नाही. तिच्या शरीराला पहिल्यांदा शब्द मिळाला, आणि तो तिच्यावर लादलेला नव्हता.

अशी मंडळी स्वतःच्या शरीराकडेही लक्ष ठेवतात. मूल हसतखेळत असताना आपलीच मान का आखडली, आपल्याला एकदम झोप का येते आहे, याची ते नोंद घेतात. पुरावा म्हणून नाही, एक धागा म्हणून. आणि ते मुलाला उठसूट कुशीत घेत नाहीत. पालकांना हे कोरडं वाटतं. मला मात्र ते पटतं. ज्या मुलाच्या शरीरावर त्याला न विचारता काही घडलं, त्याला अशी एक जागा हवी जिथे त्याचा हात, गाल, पोट त्याचंच आहे. घरी आपण काय करतो? 'काकांना पापी दे', 'नमस्कार कर, लाजतेस काय'. मूल अंग चोरतं आणि आपण त्याला पुढे ढकलतो.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पोटदुखीबरोबर वजन घटणं, ताप, सतत उलट्या, शौचातून रक्त किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर आधी तपासणीच. आणि नुसत्या पोटदुखीवरून 'याच्यावर नक्की अत्याचार झालाय' असं छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा, मग तो कितीही नावाजलेला असो. शरीर काहीतरी आहे एवढंच सांगतं, काय ते सांगत नाही. मूल स्वतःहून तसं काही बोललं तर मात्र उलटतपासणी न करता ऐका, विश्वास ठेवा आणि 1098 ला फोन करा.

मनोविश्लेषण हाच एक उपाय, असं माझं म्हणणं नाही. आघातावर केंद्रित वर्तनोपचाराला संशोधनाचा आधार जास्त आहे आणि तो कमी बैठकांत होतो. मनोविश्लेषण लांबतं, खर्चिक आहे, तालुक्याच्या गावात तर माणूसच मिळत नाही. (14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं, निदान सुरुवात तिथून करा.) पण मुलाने 'काय झालं ते सांग' याचं उत्तर देईपर्यंत थांबायचं नाही आणि त्यासाठी घाईही करायची नाही, हे त्या परंपरेकडून आपण सगळ्यांनीच घ्यायला हवं. आम्ही ओपीडीत बसणाऱ्यांनी तर आधी.

मुलगी परवा सर्दीसाठी आली होती. पोटदुखी महिन्यातून एखाद-दोन वेळा अजून होते, स्कूटरवर ती आता मागे बसते. मी सवयीने पोट तपासायला हात पुढे केला, तर म्हणाली, "थांबा. आधी हात गरम करा."

मी हात चोळून गरम केले.