व्हिसाचा अर्ज आणि बँकेचा उतारा

दिवाळीनंतर कर्जतच्या बाजारपेठेतील एका परिचित दांपत्याने जर्मनीच्या व्हिसासाठी अर्ज केला. कन्येचे पहिले बाळंतपण जानेवारीत होते. भाताच्या व्यापाऱ्याचा पैसा त्या दिवसांत गोदामात असतो, खात्यात नव्हे. बचत खात्यात जेमतेम पन्नास हजार उरले होते. शालकांनी मायेपोटी आठ लाख रुपये जमा केले आणि आठव्या दिवशी अर्ज गेला. नकार आला. छापील पत्रात दोन कारणांवर खूण होती : निर्वाहाच्या साधनांचा पुरावा अपुरा आणि परत येण्याच्या हेतूविषयी शंका. नातवाचा जन्म आजीने मोबाईलच्या पडद्यावर पाहिला.

उतारा घेऊन ते माझ्याकडे आले, तेव्हा दोष शोधावा लागला नाही. माझा सेवाकाळ कर्जप्रकरणे तपासण्यात गेला. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एखाद्याचे खाते अचानक फुगले की आम्ही लेखणी खाली ठेवत असू. व्हिसा अधिकाऱ्याची दृष्टी याहून वेगळी नाही. रक्कम किती, यापेक्षा ती कोठून आली, हे त्याला आधी पाहायचे असते. शिल्लक दाखला एका दिवसापुरता बोलतो. तीन महिन्यांचा उतारा घराची चाल सांगतो. (शाखेत असताना असे दाखले मीही मागताक्षणी दिले, कशासाठी हवेत, हे क्वचितच विचारले.)

आपल्या व्यापारी घरांत ऐपत असते, पण ती कागदावर नसते. घरखर्च पेढीतून चालतो. पत्नी भागीदार असूनही एजंट अर्जात 'गृहिणी' लिहून मोकळा होतो. विवरणपत्रातील उत्पन्न इतके आटोपशीर ठेवलेले असते की तीन आठवड्यांचा युरोप प्रवास त्यात बसतच नाही. हा दोष अर्जाच्या वेळी दुरुस्त होत नाही. त्याची तयारी दोन-तीन वर्षे आधीची असते.

सुदैवाने या दांपत्याचे हिशेब स्वच्छ होते. शालकांचे पैसे परत केले. भागीदारीपत्र, बाजार समितीचा परवाना, पेढीच्या चालू खात्याचा वर्षभराचा उतारा व तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे जोडली. हंगामात भांडवल भातात गुंतते, हे एका पानाच्या पत्रात लिहिले. जावयांनी तेथील परदेशी नागरिक कार्यालयातून औपचारिक हमीपत्र करून त्याची मूळ प्रत पाठवली.

मधल्या काळात कोणी सुचवले, 'शेजारच्या देशाकडून अर्ज करा.' शेंगेन देशांची व्हिसानोंद सामायिक असते आणि तीत नकारही राहतो. शिवाय जेथे अधिक दिवस मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. भेटीची वेळ कोठे लवकर मिळते, यावर ते ठरत नाही. म्हणून पहिल्या नकाराचा उल्लेख आम्ही पत्रात स्वतःहून केला. ब्रिटनच्या अर्जात तर कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला होता का, असे थेट विचारतात. तेथे लपवाछपवी उघड झाल्यास १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. अमेरिकेच्या बाबतीत असत्य कथनाची अपात्रता कायमची असते. अर्ज एजंटाने भरला, ही सबब कोठेही चालत नाही. तेव्हा पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळ स्वतः वाचावी.

नावाचे म्हणाल तर पारपत्रावर 'जैन', आधारवर 'ओसवाल' आणि बँकेत गावाचे आडनाव, असे अनेक घरांत आढळते. सही जुळली नाही की धनादेश परत जातो. येथेही संशय तेथूनच सुरू होतो. शेंगेनसाठी पारपत्र परतीनंतर किमान ३ महिने वैध हवे, दोन पाने कोरी हवीत आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. अर्ज ६ महिने आधी करता येतो. आपण मात्र मे महिन्यातील प्रवासासाठी एप्रिलात जागे होतो.

दुसरा अर्ज मार्चमध्ये केला. व्हिसा एप्रिलात आला, तेव्हा नातू पालथा पडू लागला होता.