पट सांगतो इयत्ता, वाचन कोण सांगणार?

दिवाळी सरली की गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आईबापांबरोबर अनेक मुलेही जातात आणि ती परततात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. हजेरीपटावर असे मूल तिसरीत असते. वाचनात ते कोठे आहे, हे मात्र पट सांगत नाही.

हे मोजण्याची एक सोपी रीत आपल्या देशात रुळली आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या 'असर' पाहणीत मुलाला त्याच्या घरी गाठून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास देतात. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत असून दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये शेकडा २०.९ होती; महामारीनंतर २०२२ मध्ये ती १६.३ झाली आणि २०२४ मध्ये २३.४ वर पोहोचली. सुधारणा खरी आहे. पण शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक मुले अजून मागेच आहेत, हेही तितकेच खरे.

तथापि, शेकडेवारी ही नियोजनकाराची गरज आहे, शिक्षकाची नव्हे. जिल्ह्याच्या सरासरी पर्जन्यमानावरून अमक्याच्या शेतात किती ओल आहे, हे कळत नाही. एक मूल अक्षरांपाशीच अडलेले असते, दुसरे काना-मात्रा ओळखते पण जोडाक्षराशी थबकते, तिसरे घडाघडा वाचते परंतु काय वाचले ते त्याला सांगता येत नाही. तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी असते. त्याची अडचण अक्षराची नसून शब्दाच्या अर्थाची असू शकते. चौघेही 'अप्रगत' या एकाच रकान्यात बसविले, की चौघांनाही एकच औषध दिले जाते, आणि ते बहुधा कोणालाच लागू पडत नाही.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेतो प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठरविले आणि मिनिटाला किमान ६० शब्द हे मापही दिले. माप असावे, परंतु शब्द मोजणे सोपे आणि अर्थ तपासणे कष्टाचे, म्हणून सोपे तेवढेच मोजले जाण्याचा धोका असतो. शिवाय, मोजणीचा निकाल शिक्षकाच्या दोषारोपपत्रासारखा वापरला, तर मुलांच्या आधी आकडेच सुधारतात, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव आहे.

उपाय अज्ञात नाही. पुढे २०१९ चे नोबेल मिळविणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी मुंबई आणि बडोदा येथील 'बालसखी' उपक्रमाची परीक्षा केली. मागे पडलेल्या मुलांना वेगळे काढून त्यांच्या पातळीपासून शिकविले असता त्यांची प्रगती झाली, असे त्यांना आढळले. याचा आपल्यापुरता अर्थ एवढाच, की वर्षारंभी, आणि मूल हंगामावरून परतल्यावर पुन्हा, शिक्षकाने त्याला एकेकटे जवळ बसवून वाचावयास सांगावे; ते कोठे अडते, हे दोन ओळींत टिपावे; आणि रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करावेत. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत राज्यात आहेच. त्याच्याबरोबर हे टिपण गेले, तर कारखान्याजवळच्या शाळेला प्रारंभ कोठून करावयाचा ते कळेल. अर्थात यासाठी शिक्षकाला वेळ हवा. त्याला अहवालांच्या रकान्यांत गुंतवून ठेवून मुलाजवळ बसण्याची अपेक्षा करणे हा अन्याय होय.

वाचन हा केवळ परीक्षेचा विषय नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या हिशेबावर बाप अंगठा उठवितो. त्याच्या मुलाला तो कागद वाचता यावा की नाही, याचा निकाल तिसरीच्या वर्गातच बऱ्याच अंशी लागत असतो.