लेकरू आजीकडे, कागद आईच्या नावावर : बालसंगोपनाचा पैसा तालुक्यापर्यंत का अडखळतो?

मलकापूर : आईबाप गेलेलं लेकरू खेड्यात सहसा रस्त्यावर येत नाही. तेरवीच्या दिवशी चार माणसं बसतात आणि तिथंच ठरतं, पोरगं आजीजवळ राहील की मामा घेऊन जाईल. दप्तर आणि कपड्यांची पिशवी भरली की विषय संपला. ना अर्ज, ना आदेश. मलकापूर तालुक्यात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. कुठं कर्जापायी बाप गेला, कुठं कोरोनात दोघं गेले, कुठं हायवेवरच्या अपघातानं घर मोडलं. मुलं मात्र शाळेत दिसतात, कारण कोणीतरी त्यांना आपल्या ताटातलं वाढतंय.

ज्याच्या ताटातलं जातंय, त्या माणसाचं सरकारी कागदावर काय स्थान आहे? या प्रश्नाचं उत्तर अजूनही गुळमुळीत आहे.

योजना नाहीत असं कोणी म्हणू शकत नाही. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अनाथ किंवा एक पालक गमावलेल्या, आजारानं वा इतर संकटानं आईबाप सांभाळू न शकणाऱ्या मुलांना संस्थेत न टाकता कुटुंबातच वाढवावं, हा तिचा हेतू. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळत. २०२१ मध्ये ते १,१०० झाले आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे, आणि त्यात अनाथ असून नातेवाइकांकडे राहणारं मूल हा गट स्पष्ट लिहिलेला आहे. ४२५ वरून २,२५० म्हणजे पाचपटीहून जास्त. तरी हिशेब केला तर दिवसाला ७५ रुपये पडतात. वह्या, गणवेश, एसटीचा पास आणि तापाच्या दोन गोळ्या यात ते संपतात. तरी ७५ रुपये नियमित आले तर आजीच्या घरात फरक पडतो. अडचण रकमेपेक्षा वाटेची आहे.

पंचेचाळीस किलोमीटर आणि एक मजुरी

अर्जाचा शेवट होतो बुलढाण्याला. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी तिथं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष तिथं आणि आदेश देणारी बाल कल्याण समितीही तिथंच. मलकापूरहून मोताळ्यावरून राजूर घाट चढत जायचं, साधारण ४५ किलोमीटर. आतल्या खेड्यातल्या माणसाला आधी मलकापूर गाठायचं आणि मग पुढची गाडी. वेचणीच्या दिवसात एक चक्कर म्हणजे भाडं आणि बुडालेली मजुरी. समितीपुढं मुलालाही न्यावं लागतं, म्हणजे शाळाही बुडाली. साहेब मीटिंगला गेलेले असले तर पुन्हा तेच.

कागदांची चळतही कमी नाही. मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशन कार्डाची झेरॉक्स, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आईवडिलांचे मृत्यू दाखले, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर मुलांना घेऊन काढलेला फोटो. सामाजिक कार्यकर्त्यानं घरी येऊन गृहचौकशी करायची, अहवाल द्यायचा, मग समितीचा आदेश. यातला एकही टप्पा चुकीचा आहे असं नाही. मूल खरंच तिथं राहतं का, नीट राहतं का, हे कोणीतरी बघायलाच हवं. पण ही सगळी धावपळ साठीच्या पुढच्या बाईनं करायची, तिला मोबाईलवरचा ओटीपीसुद्धा शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावा लागतो, हे योजना लिहिताना कोणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

आई जिवंत आहे, पण इथं नाही

सगळ्यात जास्त गुंता होतो तो वेगळ्याच घरात. बाप गेला, आईनं काही वर्षांनी दुसरं लग्न केलं, नव्या घरात पहिल्या नवऱ्याची मुलं नको होती, म्हणून ती आजी-आजोबांजवळ राहिली. यात आईला दोष देण्यात अर्थ नाही, पंचविशीतल्या विधवेपुढं किती वाटा असतात ते गावाला माहीत आहे. पण कागदावर हे मूल अनाथ नाही, कारण आई हयात आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ प्रमाणे बापानंतर नैसर्गिक पालक आई. आजी, आजोबा, मामा, चुलता यांचं नाव त्यात येत नाही. त्यांना कायदेशीर पालक व्हायचं असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टात जावं लागतं. वकील, तारखा, खर्च. मामा म्हणतो, राहू द्या, पोरगं जेवतंय ना.

तिथंच फासा बसतो. अज्ञान मुलाचं खातं उघडायला सहसा पालकाची सही लागते. मृत्यू दाखला एकाचाच आहे, दुसऱ्याबद्दल काय लिहायचं? आईची संमती हवी तर ती शंभर किलोमीटरवर, आणि तिच्या नव्या घरी हा विषय काढायचीही सोय नाही. वडील गेल्यामुळे बालसंगोपनात हे मूल बसतं, पण अर्जाच्या 'पालक' या रकान्यात आजीचं नाव लिहिलं की टेबलापलीकडून पहिला प्रश्न येतो, "आई कुठाय?"

शेतकरी आत्महत्येच्या घरात हाच पेच पैशाच्या रूपात येतो. पात्र ठरलेल्या प्रकरणात १ लाख रुपये मदत मिळते. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ठेव वारसांच्या नावे, म्हणजे बहुधा विधवेच्या. पुढं मूल आजीकडे राहिलं तरी ठेव त्याच्यामागं चालत जात नाही. सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागतं आणि शेजारी 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता म्हणून कोणातरी मोठ्याचं. मग भाऊबंदकीत कुजबुज सुरू होते, चुलत्यानं पोराला जमिनीसाठी ठेवलंय, मामा सरकारी पैशासाठी सांभाळतोय. दोन-तीन हजारांसाठी कोणी दुसऱ्याचं मूल दहा वर्षं सांभाळत नाही. पण कागद स्पष्ट नसला की संशयाला जागा मिळते, आणि जो खरंच फायदा उकळतोय तोही त्याच धुक्यात लपून राहतो.

मामाचं उत्पन्न कोणाच्या खात्यात धरायचं?

मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वाला उत्पन्नाची मर्यादा आहे. ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरी भागात ९६ हजार. म्हणजे खेड्यातल्या घराला महिन्याला ६ हजार. मामाकडं चार एकर कोरडवाहू आणि जोडीला दसरखेडच्या एमआयडीसीत कामाला जाणारा मुलगा असेल तर दाखल्यावरचा आकडा ही रेषा सहज ओलांडतो. पण भाच्याला पोसण्याची कायदेशीर जबाबदारी मामावर नाहीच. ज्याच्यावर जबाबदारी नाही त्याचंच उत्पन्न मोजून मुलाचा हक्क कापायचा, हा हिशेब उलटा आहे. मामानं मुलाला घरात घेतलं म्हणून मूल श्रीमंत झालं, असं सरकार मानतं.

इतर राज्यांकडं पाहिलं तर दुसरी रीत दिसते. राजस्थानात २००५ पासून पालनहार योजना आहे. तिच्या नावातच सांभाळणारा माणूस आहे. अनाथ मूल जो नातेवाईक वा ओळखीचा माणूस वाढवतो, त्याला सरकार पालनहार म्हणून नोंदवतं आणि दरमहा रक्कम देतं. अट एवढी की लहान मूल अंगणवाडीत आणि मोठं शाळेत गेलं पाहिजे. कपड्या-बुटांसाठी वर्षाला वेगळे पैसेही ठेवले आहेत. तिथंही पात्रतेच्या अटी आहेतच. पण आजीला तिथं एक नाव मिळालं. आपल्याकडं बाल न्याय कायद्यात 'प्रतिपालकत्व' आहे, मात्र त्याची व्याख्याच मुलाच्या जैविक कुटुंबाबाहेरच्या घरासाठी केलेली आहे. परक्यानं सांभाळलं तर तो प्रतिपालक. सख्ख्या आजीनं सांभाळलं तर ती फक्त आजी.

दत्तकाचा रस्ता नात्यातही खुला आहे. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा कायद्यानं रीतसर दत्तक घेऊ शकतात. पण गावात ते फारसं कोणी करत नाही. दत्तक म्हटलं की आडनाव आलं, वाटणी आली, आणि मेलेल्या भावाचं नाव पुसल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

यंत्रणा आहे, फक्त दुसऱ्या कामाला लावलेली

गावापर्यंत पोहोचता येत नाही, हे कारण आता चालणार नाही. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये द्यायचे ठरलं तेव्हा अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, सेतू केंद्रं कामाला लागली, चावडीवर अर्ज भरले गेले आणि काही आठवड्यांत पैसे खात्यात पडू लागले. ही योजना चालवणारा विभाग महिला व बाल विकास. बालसंगोपन चालवणारा विभागही तोच. तीच सेविका, तेच गाव. फरक एवढाच की लेकरांना मतदान नसतं. आणि योगायोग बघा, लाडक्या बहिणीचं वय २१ ते ६५. सहासष्टाव्या वर्षी नातवंड सांभाळणारी आजी त्यातूनही सुटली. तिच्यासाठी श्रावणबाळ आहे, पण तिथं २१ हजारांच्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला लागतो.

कोरोनाच्या वेळीही सरकारनं दाखवून दिलं होतं की शोधायचं ठरवलं तर मुलं सापडतात. २०२१ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात कृती दल नेमलं गेलं, गावागावांतून याद्या मागवल्या गेल्या. दोन्ही पालक गमावलेल्यांच्या नावे राज्यानं ५ लाखांची ठेव केली, केंद्रानं पीएम केअर्समधून १० लाखांची सोय केली. त्याच काळात हेरंब कुलकर्णी आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीनं बालसंगोपनाचे अर्ज भरून घेण्याची मोहीम अनेक तालुक्यांत नेली, म्हणून ही योजना खेड्यात ठाऊक तरी झाली. पण कोरोनाऐवजी क्षयानं, विजेच्या धक्क्यानं किंवा विषाच्या बाटलीनं आईबाप गेले त्यांची यादी कोणी मागितली नाही. पोरकेपणाला सरकारनं कारण विचारलं.

यादी करायला नवा माणूसही नेमावा लागणार नाही. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असलेली ग्राम बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असायला हवी, असा शासनाचाच निर्णय आहे. बहुतेक गावांत ती फलकापुरती उरली आहे. जूनमध्ये शाळा उघडताना मुख्याध्यापकाला पक्कं माहीत असतं की कोणत्या मुलाच्या प्रगतीपुस्तकावर आजीचा अंगठा येतो. ती नावं समितीनं पंचायत समितीतल्या बाल विकास प्रकल्प कार्यालयात द्यायची, आणि बाल कल्याण समितीनं महिन्यातून एक दिवस मलकापुरात बसायचं. मलकापूर, मोताळा, नांदुरा अशा तीन तालुक्यांची बुलढाणा वारी एका दिवसाच्या बैठकीनं वाचेल. आईचा पत्ता नसेल तिथं सरपंच आणि मुख्याध्यापकाच्या पंचनाम्यावर सांभाळणाऱ्याची नोंद व्हावी. त्यासाठी कायदा बदलायला नको, एक परिपत्रक पुरे.

आदेश निघाल्यानंतरची रड वेगळी. अनुदान महिन्याला यायचं असतं आणि अनेक जिल्ह्यांत ते सहा-सहा महिने अडकतं. आलं की एकदम येतं. तोवर किराणा दुकानाची उधारी वाढलेली असते, पैसा तिथंच जिरतो.

तोवर अर्ज करायचा असेल त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बालसंगोपनाचा अर्ज भरायला कोणालाही पैसे द्यायचे नसतात. आणि मृत्यू दाखला, बोनाफाईड यांच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेवाव्यात, कारण प्रत्येक टेबल नव्यानं मागतं. अडचण आली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

एक प्रश्न मात्र अर्ज मंजूर झाला तरी सुटत नाही. लाभ अठरा वर्षांपर्यंतच. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी कायद्यात अठरानंतरही अनुरक्षणाची सोय आहे. नातेवाइकांकडे वाढलेल्याला ती नाही. अनाथांच्या एक टक्का आरक्षणातही २०१८ ला सुरुवात झाली तेव्हा भर संस्थेतल्या मुलांवर होता. संस्थाबाह्य मुलांचा गट नीट लिहिला गेला तो २०२३ च्या शासन निर्णयात. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि अठरावा वाढदिवस नोव्हेंबरात असला, तर मधल्या तीन महिन्यांचा खर्च पुन्हा आजीच्याच पदरातून निघतो.