जुनी गाडी आणि हातभर उजेड

मंडळी, आमच्या सेनगावात सोयाबीन-हळदीचे पैसे हाती आले की जुनी चारचाकी घ्यायची टूम निघते. माझं स्पष्ट मत : बघायला जाताना ओळखीच्या चार माणसांऐवजी एक दिवा न्या.

वायरिंगच्या केसिंग पट्टीत १२ व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवा, वर दुधी प्लास्टिक, त्यावर काळ्या टेपच्या लांब रेघा. मोटारसायकलच्या बॅटरीवर चालतो. गाडी सावलीत घ्या, दिवा पत्र्याजवळ तिरका धरून सरकवा आणि त्यातलं प्रतिबिंब बघा. रेघ सलग वाहिली तर ठीक. मध्येच मुरडली तर तिथे पोचा किंवा भरलेली लांबी.

गंमत म्हणजे, पॉलिशने ओरखडे झाकतात, पण चकाकी वाढली की मुरड आणखी स्पष्ट दिसते! लांबी भरलेली गाडी वाईटच असं नाही. पण वर्षभराच्या घामाचे पैसे मोजताना भाव तरी खरा ठरावा. असो.