पॉलिहाऊसमधलं ऊन अडवायचं की पसरवायचं?

नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात जानोरी, मोहाडी परिसरात पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतो. ऊन तापलं की आत शेडनेट ओढली जाते. पण 50 टक्के सावलीची जाळी म्हणजे जवळपास निम्मा प्रकाश कमी. झाडाचं अन्न तर प्रकाशावरच तयार होतं.

मग पर्याय काय? प्रकाश पसरवणारा पडदा किंवा फिल्म. यातून किरणं सरळ न येता अनेक दिशांना विखुरतात. शेंड्यावरच्या पानांना चटका कमी बसतो, खालच्या पानांनाही प्रकाश मिळतो. नेदरलँड्सच्या वाखनिंगन विद्यापीठाच्या प्रयोगांत अशा प्रकाशात टोमॅटोचं उत्पादन वाढलं.

पण नाशिक म्हणजे नेदरलँड्स नव्हे. इथे मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. पडदा असला तरी हवा खेळती ठेवावीच लागते. पावसाळ्यात ढगच प्रकाश पसरवतात. तेव्हा पडदा ओढून ठेवला, तर आहे तो प्रकाशही घटतो. त्यामुळे गरजेप्रमाणे सरकवता येणारा पडदा सोयीचा.

खरेदी करताना फक्त 'सावली किती टक्के' एवढंच विचारू नका. एकूण प्रकाश किती आत येतो आणि त्यातला किती विखुरतो, हे दोन्ही आकडे मागा. चांगल्या पडद्यात दुसरा आकडा वाढतो, पण पहिला फारसा घटत नाही.