बावडेकर आमचे नव्हेत



गेल्या अंकात एका वाचकाने पंत अमात्य बावडेकरांचे मूळ इंदापूरच्या बावड्यात शोधले आहे. गावचा मान वाढतोय म्हणून गप्प बसावे, असे क्षणभर वाटले खरे. पण दुसऱ्याचा पूर्वज आपल्या दारात आणून बांधणे बरे नाही. बावडेकरांचे बावडा म्हणजे कोल्हापूरचे गगनबावडा, घाटमाथ्यावरचे, धो-धो पावसाचे. आमचे नीरेकाठचे, अकलूजच्या वाटेवरचे, उसाचे.

शिवाय त्या घराण्याचे आडनाव मुळात बावडेकरही नव्हते. ते होते बहुतकर. नीळकंठ सोनदेवांचे चिरंजीव रामचंद्रपंत 1674च्या राज्याभिषेकात अमात्य होते. पुढे राजाराम महाराजांनी त्यांना 'हुकुमतपनाह' ही पदवी दिली आणि 'आज्ञापत्र' हा राजनीतीवरचा ग्रंथही त्यांच्याच नावावर आहे. बावड्याची जहागीर आली, तिच्यामागून आडनाव आले. इंग्रजांकडेही हीच तऱ्हा. जॉर्ज वॉशिंग्टनचे पूर्वज आधी 'हर्टबर्न' म्हणवत; बाराव्या शतकात डरहॅमकडचे वॉशिंग्टन गाव मिळाले तेव्हा नाव बदलले.

पत्रलेखकांनी नुसते 'कर' पाहून गाव ठरवले, तिथेच घसरले. गावात राहणारा गावाचे नाव लावत नाही. बाहेर पडला की लोक लावतात. आमच्या चावडीवर 'अहो बावडेकर' अशी हाक मारून पाहा, कुणी मान वळवणार नाही. 'पाटील' म्हणा, मग बघा किती जण वळतात!

— एक वाचक, बावडा (ता. इंदापूर, जि. पुणे)